ऐरोलीतील एक बेडरूमचे घर: खरेदीपासून भाडेकरारापर्यंत

चिपळूणजवळची वडिलोपार्जित जमीन विकली गेली आणि भावंडांच्या वाटणीत माझ्या वाट्याला आलेली रक्कम व आजवरची बचत एकत्र करून काय करावे, हा प्रश्न घरात बरेच दिवस चर्चेत होता. आम्ही ठाण्यात नौपाड्यात स्वतःच्या घरात राहतो, त्यामुळे राहण्यासाठी घर घ्यायचे नव्हते. मी एका खासगी कंपनीत हिशेबाचे काम करते आणि माझ्या सोबतच्या दोघीतिघींनी भाड्याने देण्यासाठी म्हणून घरे घेतलेली होती. त्यांच्या बोलण्यात ‘जागेचे भाव कुठे गेले बघ’ हे वाक्य नेहमी यायचे. भाड्यातून वर्षाअखेरीस हातात नेमके किती उरते, हे मात्र कोणीही सांगत नसे. मी तो हिशेब आधी कागदावर मांडायचे ठरवले आणि पुढचे बहुतेक निर्णय त्या कागदानेच घेतले.

सुरुवात साहजिकच घोडबंदर रस्त्यापासून झाली, कारण ठाण्यात राहणाऱ्या माणसाला गुंतवणूक म्हटली की आधी माजिवड्याच्या पुढचे मनोरेच दिसतात. कासारवडवलीच्या आसपास नव्या संकुलात एक बेडरूमचे घर ऐंशी लाखांच्या घरात सांगितले जात होते आणि त्याच संकुलात तसेच घर महिना चोवीस हजारांना भाड्याने जात होते. तरणतलाव, व्यायामशाळा, क्लबघर यांमुळे देखभाल शुल्क महिन्याला पाच हजारांच्या वर होते आणि उन्हाळ्यात टँकरच्या पाण्याची वर्गणी वेगळी. बांधकाम सुरू असलेल्या इमारतीत घर घेतले, तर किमतीवर जीएसटी आणि ताबा मिळेपर्यंत भाड्याचा एक रुपयाही नाही. स्वतः राहायला जाणाऱ्याला तरणतलावाचे मोल असेल. महिना चोवीस हजार देणारा भाडेकरू त्यासाठी सव्वीस देत नाही, एवढे दोनचार एजंटांशी बोलल्यावर स्पष्ट झाले.

तेव्हा प्रश्न उलटा केला. या पट्ट्यात एक बेडरूमचे घर भाड्याने कोणाला लागते आणि तो माणूस रोज कुठे जातो? उत्तर ठाणे-बेलापूर रस्त्यावर होते. ऐरोली, रबाळे, महापे या पट्ट्यात एमआयडीसीचे जुने कारखाने आणि माहिती तंत्रज्ञानाच्या कंपन्यांची संकुले एकाला लागून एक आहेत, आणि 2004 मध्ये सुरू झालेल्या ठाणे-वाशी रेल्वेमार्गामुळे ही स्थानके दोन्ही बाजूंनी जोडली गेली आहेत. शिवाय नवी मुंबई महापालिकेच्या मालकीचे मोरबे धरण असल्याने या भागात पाण्याची स्थिती घोडबंदर रस्त्यापेक्षा पुष्कळच बरी आहे. भाडेकरू घर बघायला आला की स्वयंपाकघरात जाऊन पहिल्यांदा नळ सोडून बघतो, हे मी नंतर अनेकदा पाहिले. अर्थात या पट्ट्याची दुसरी बाजूही आहे. 2020 मध्ये कंपन्यांनी घरून काम सुरू केल्यावर इथली कितीतरी घरे रिकामी झाली होती आणि भाडी एकदम उतरली होती. म्हणून केवळ संगणकवाल्यांच्या भरवशावर न राहता, रुग्णालये, शाळा आणि कारखाने यांतल्या नोकरदारांनाही चालत जाता येईल, असेच घर शोधायचे ठरवले.

घरे बघताना स्वस्ताईचा मोह पहिल्यांदा गावठाणालगतच्या इमारतींनी घातला. तिथे तेवढेच घर जवळजवळ निम्म्या किमतीत मिळत होते आणि भाडे मात्र फारसे कमी नव्हते. कागदावर हे सर्वांत किफायतशीर दिसत होते. परंतु भोगवटा प्रमाणपत्र, म्हणजे इमारतीत राहायला महापालिकेने दिलेली परवानगी, दाखवा म्हटले की विषय बदलला जायचा, आणि ‘करार नोटरी करून देतो’ असे उत्तर यायचे. ऐरोलीशेजारच्या दिघ्यातील 99 बेकायदा इमारतींवर 2015 मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने कारवाईचे आदेश दिल्यानंतर तिथल्या रहिवाशांचे जे हाल झाले, ते या भागात सगळ्यांना ठाऊक आहे. बँक ज्या घराला कर्ज देत नाही ते घर आपणही घेऊ नये, हा माझा नियम तिथेच पक्का झाला, मग कर्ज लागणार असो वा नसो.

शेवटी ऐरोलीत स्थानकापासून चालत बारा-पंधरा मिनिटांवर, नव्वदच्या दशकात बांधलेल्या चार मजली सोसायटीत दुसऱ्या मजल्यावरचे घर पसंत पडले. विकणारे काका रबाळ्याच्या एका कारखान्यातून निवृत्त झालेले होते आणि साताऱ्याकडे गावी घर बांधून राहायला निघाले होते. किंमत 62 लाखांवर ठरली. भाडे त्या इमारतीत 20 ते 22 हजारांच्या दरम्यान चालू होते, हे मी एजंटाच्या शब्दावर न ठेवता दोन भाडेकरूंनाच विचारून घेतले.

एजंटाने सुचवले होते की करारनामा 50 लाखांचा करू, उरलेले रोखीत द्या, दोघांचाही फायदा होईल. त्यात माझा फायदा कोणता, हे मला शेवटपर्यंत कळले नाही. मुद्रांक शुल्क करारातील किंमत आणि शासनाच्या वार्षिक दर तक्त्यातील किंमत यांपैकी जी जास्त असेल तिच्यावर लागते, बँक कर्ज करारातील किमतीवर ठरवते, आणि पुढे घर विकताना दाखवलेली कमी खरेदी किंमत माझाच नफा फुगवून कर वाढवणार. स्थावर मालमत्तेच्या व्यवहारात वीस हजार किंवा त्याहून अधिक रोख घेण्यास प्राप्तिकर कायद्याची बंदी आहे, हा भाग वेगळाच. काकांना हे समजावून सांगितल्यावर त्यांनीही हट्ट धरला नाही.

कागदपत्रांसाठी वकील केले, पण पहिली चाळणी घरबसल्या होते. नोंदणी व मुद्रांक विभागाच्या संकेतस्थळावर इंडेक्स-2 शोधता येतो आणि त्यात घराचा व्यवहार कोणी, कधी, किती रकमेला केला हे दिसते. माझ्या घराच्या बाबतीत बिल्डरपासून काकांपर्यंत दोन मालक झाले होते, तेव्हा करारांची साखळी पूर्ण मिळणे महत्त्वाचे होते. मधला एक मूळ करार गहाळ असेल, तर पोलीस तक्रार आणि वर्तमानपत्रातील जाहीर सूचना यांशिवाय बँक पुढे सरकत नाही. काकांनी सगळे कागद एका जुन्या प्लास्टिकच्या पिशवीत, वर रबर लावून जपले होते. त्यातील सोसायटीचे भाग प्रमाणपत्र (शेअर सर्टिफिकेट) मी उलटून पाहिले. मागच्या बाजूला हस्तांतरणाचा तक्ता असतो. त्यात आधीच्या मालकाचे नाव, काकांचे नाव, तारीख, सभासद क्रमांक आणि अध्यक्ष-सचिवांच्या सह्या होत्या, परंतु काकांच्या नावापुढे सोसायटीचा शिक्का नव्हता. एवढ्याशा शिक्क्यासाठी वकिलांनी व्यवहार थांबवून ठेवला. त्या वेळचे सचिव दुसरीकडे राहायला गेले होते; म्हणून आताच्या कार्यकारिणीने इतिवृत्ताच्या जुन्या वहीतला ठराव शोधून काढला, शिक्का मारला आणि सोबत पत्र दिले, तेव्हा गाडी पुढे निघाली.

नवी मुंबईत घर घेणाऱ्याने आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवायला हवी, जी ठाण्याहून येणाऱ्याच्या लक्षात येत नाही. इथली बहुतेक जमीन सिडकोने, म्हणजे नवी मुंबई वसवणाऱ्या सरकारी महामंडळाने, भाडेपट्ट्याने दिलेली आहे. त्यामुळे केवळ सोसायटीच्या नोंदीत नाव चढून भागत नाही. सिडकोकडे हस्तांतरणाचा अर्ज करावा लागतो आणि घराच्या क्षेत्रफळाप्रमाणे शुल्क भरावे लागते. कर्ज घ्यायचे असल्यास तारणासाठी सिडकोचे ना-हरकत पत्रही बँक मागते. हे शुल्क विकणाऱ्याने भरायचे की घेणाऱ्याने, हे बोलणी चालू असतानाच लिहून घ्यावे. आमच्यात ते निम्मे-निम्मे ठरले. आधीचे एखादे हस्तांतरण सिडकोकडे नोंदलेलेच नसेल, तर त्याचा भुर्दंड आपल्या माथी येऊ शकतो, म्हणून मी काकांच्या नावाचे सिडकोचे पत्र बघितल्याशिवाय बयाणा दिला नाही.

ठाणे आणि नवी मुंबईत मुद्रांक शुल्क 7 टक्के पडते, पण खरेदीदार केवळ महिला असेल तर 1 टक्क्याची सवलत आहे. म्हणून घर माझ्या एकटीच्या नावावर घेतले. 62 लाखांवर ती सवलत 62 हजार रुपये होते. माझे पती कर्जात सहकर्जदार आहेत, मालकीत नाहीत, आणि बँकेला त्यात अडचण वाटली नाही. नोंदणी शुल्क 1 टक्का असले तरी त्याला 30 हजारांची कमाल मर्यादा आहे, तेवढेच भरावे लागले.

योगायोगाने आणखी एक 62 हजार व्यवहाराच्या शेवटी उपटले. घराची किंमत 50 लाख किंवा त्याहून जास्त असेल, तर खरेदीदाराने विकणाऱ्याला पैसे देतानाच 1 टक्का कर कापून सरकारकडे भरायचा असतो. मी एजंटाला हे काकांच्या कानावर घालायला सांगितले होते आणि त्याने अर्थातच घातले नव्हते. शेवटचा धनादेश हातात घेऊन काका थबकले. “ताई, बासष्ट लाख ठरलं होतं आपलं. मग हे बासष्ट हजार कुठं गेले?” मी म्हटले, “काका, ते कुठेही गेलेले नाहीत. तुमच्या पॅनवर जमा होणार आहेत. तुमचा तेवढा कर होत नसेल, तर विवरणपत्र भरून परत मिळतील.” त्यांना ते पटले असे नाही; त्यांच्या मुलाशी फोनवर बोलणे झाले, तेव्हा कुठे त्यांनी सही केली. कर भरल्याचे प्रमाणपत्र निघाले त्या दिवशी मी ते छापून त्यांना गावच्या पत्त्यावर टपालाने पाठवले.

आता त्या कागदाकडे वळते. घराची किंमत 62 लाख, मुद्रांक शुल्क 3 लाख 72 हजार, नोंदणी 30 हजार, एजंटाचा 1 टक्का 62 हजार, सिडको, सोसायटी, वकील आणि कर्जाचा खर्च मिळून लाखभर, आणि स्नानगृहाची गळती काढणे, रंग, विजेची जुनी तार बदलणे यांसाठी 1 लाख 40 हजार. म्हणजे घर हाती पडेपर्यंत सुमारे 69 लाख रुपये लागले. त्यांतले 15 लाख कर्जाचे, उरलेले स्वतःचे. भाडे 21 हजार धरले, वर्षातून सरासरी एक महिना घर रिकामे राहील असे मानले, तर वर्षाला 2 लाख 31 हजार येतात. त्यातून देखभाल शुल्क 30 हजार, मालमत्ता कर 6 हजार, किरकोळ दुरुस्ती 12 हजार आणि दोन वर्षांतून एकदा नव्या भाडेकरूसाठी एजंटाला द्यायचे एक महिन्याचे भाडे, म्हणजे वर्षाला साडेदहा हजार, एवढे वजा केले की 1 लाख 72 हजार 500 रुपये उरतात. 69 लाखांवर हे अडीच टक्के झाले. बँकेतली मुदत ठेव याहून बरेच जास्त देते, हे मला दिसत होते आणि तरीही मी घर घेतले, कारण भाडे दरवर्षी थोडे वाढते आणि ठेवीचे व्याज वाढत नाही. पण कर्ज मात्र मुद्दाम लहान ठेवले. साडेआठ टक्क्यांनी पैसे उचलून अडीच टक्के मिळवणे याला मी गुंतवणूक म्हणणार नाही. पन्नास लाखांचे कर्ज काढून ‘भाड्यातून हप्ता सुटेल’ असे सांगणारे एजंट भेटतात, त्यांनी एकदा हप्त्याचा आणि भाड्याचा आकडा शेजारीशेजारी लिहून दाखवावा.

कराचाही हिशेब आधी समजून घेतलेला बरा. घरभाड्याच्या उत्पन्नातून प्रत्यक्ष भरलेला मालमत्ता कर वजा होतो, उरलेल्या रकमेवर सरसकट 30 टक्के वजावट मिळते आणि कर्जाचे व्याज वेगळे वजा होते. सोसायटीचे देखभाल शुल्क, एजंटाची दलाली, रंगकाम यांची स्वतंत्र वजावट नाही. ती त्या 30 टक्क्यांत धरलेली आहे. नव्या करप्रणालीत व्याज जास्त होऊन तोटा झाला, तर तो पगाराच्या उत्पन्नातून वळता करता येत नाही. माझे कर्ज लहान असल्याने तोट्याचा प्रश्नच आला नाही.

भाडेकरू शोधायला वेळ लागला नाही. जवळच्या एका रुग्णालयात काम करणाऱ्या दोन परिचारिका, एक जळगावची आणि एक सांगलीची, यांनी घर पाहिले, वॉशिंग मशीनचा नळ कुठे आहे आणि रात्रपाळीहून परतताना फाटक किती वाजता बंद असते, एवढेच दोन प्रश्न विचारले आणि होकार दिला. अडचण सोसायटीची होती. “आपल्याकडे फॅमिलीच देतो, बॅचलर नकोत,” असे सचिव म्हणाले. सहकारी सोसायट्यांच्या आदर्श उपविधींप्रमाणे सभासदाला घर भाड्याने देण्यासाठी सोसायटीची पूर्वपरवानगी लागत नाही, आधी लेखी कळवावे लागते. मी वाद न घालता पत्र दिले, पोच घेतली, करार झाल्यावर त्याची प्रत जोडेन असे लिहिले. लग्न न झालेल्या माणसांना घर नाकारण्याची ही सवय आपल्याकडे इतकी मुरलेली आहे, की ती कोणत्या नियमात बसते हे विचारायचेही कोणाला सुचत नाही.

त्यानंतरच्या सोसायटीच्या बिलात बिनवापर शुल्क म्हणून, म्हणजे सभासद स्वतः न राहता घर भाड्याने देतो म्हणून, महिना दीड हजार लावून आले. राज्य शासनाच्या 1 ऑगस्ट 2001 च्या आदेशाप्रमाणे हे शुल्क सेवा शुल्काच्या 10 टक्क्यांपेक्षा जास्त घेता येत नाही, आणि सेवा शुल्कात महापालिकेचे कर धरायचे नसतात. आमचे सेवा शुल्क 1,800 रुपये होते, म्हणजे बिनवापर शुल्क 180 रुपये. आदेशाची प्रत जोडून पत्र दिल्यावर पुढच्या बिलात दुरुस्ती झाली. सचिवांनी जिन्यात भेटल्यावर एवढेच म्हटले, “मॅडम, तुम्ही फार वाचता.”

भाडेकराराबद्दल मात्र सविस्तर लिहिले पाहिजे, कारण अकरा महिन्यांचा करार असेल तर नोंदणी लागत नाही, हा समज अजूनही सुशिक्षित माणसांच्या डोक्यातून जात नाही. महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, 1999 च्या कलम 55 प्रमाणे करार कितीही महिन्यांचा असो, तो लेखी असला पाहिजे आणि नोंदवलेला असला पाहिजे. ही जबाबदारी मालकाची आहे आणि ती न पाळल्यास तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकते. त्याहून महत्त्वाचे म्हणजे, नोंदलेला करार नसताना वाद झाला, तर विरुद्ध पुरावा येईपर्यंत भाडेकरू सांगेल त्याच अटी खऱ्या धरल्या जातात. याउलट नोंदलेला लिव्ह अँड लायसन्स करार, म्हणजे ठरावीक मुदतीसाठी केवळ वापराची परवानगी देणारा करार, असेल, तर मुदत संपल्यावर घर परत मिळवण्यासाठी कलम 24 खाली सक्षम प्राधिकाऱ्याकडे जाता येते, आणि मुदतीनंतर घर न सोडणाऱ्याकडून ठरलेल्या भाड्याच्या दुप्पट भरपाई मागता येते. नोटरीच्या शिक्क्याने यांपैकी काहीही मिळत नाही.

खर्च म्हणाल तर तो किरकोळ आहे. आमचा करार 24 महिन्यांचा, पहिल्या वर्षी 21,000 आणि दुसऱ्या वर्षी 5 टक्के वाढीने 22,050 रुपये भाडे, अनामत 75 हजार. दोन वर्षांचे भाडे 5 लाख 16 हजार 600. परत करायच्या अनामतीवर वर्षाला 10 टक्क्यांप्रमाणे दोन वर्षांचे व्याज 15 हजार. या एकूण रकमेवर पाव टक्का मुद्रांक शुल्क, म्हणजे सुमारे 1,330 रुपये. महापालिका हद्दीत नोंदणी शुल्क 1,000. हेवी डिपॉझिट घेऊन भाडे न घेण्याची पद्धत आमच्या इमारतीतही आहे, परंतु मोठी रक्कम खर्च होऊन गेल्यावर मालक ती परत कुठून देणार, या प्रश्नाला समाधानकारक उत्तर मला मिळाले नाही.

नोंदणी आता घरी येऊन होते. एजंटाने पाठवलेला मुलगा लॅपटॉप आणि बोटांचे ठसे घेणारे छोटे यंत्र घेऊन आला. माझा ठसा लगेच जुळला; जळगावच्या मुलीचा काही केल्या जुळेना. दिवसभर हात धुऊन आणि निर्जंतुक द्रव चोळून तिच्या बोटांच्या रेषा इतक्या पुसट झाल्या होत्या, की यंत्रावर प्रत्येक वेळी लाल दिवा लागे. मुलाने रुमाल ओला करून तिची बोटे पुसली, एक एक बोट टेकवून पाहिले आणि अखेर डाव्या हाताच्या करंगळीवर हिरवा दिवा लागला. “नर्सबाईंचं नेहमी असंच होतं,” तो म्हणाला, “आणि गवंड्यांचं.” त्याच बैठकीत भाडेकरूंच्या माहितीचा पोलिसांसाठीचा अर्ज ऑनलाइन भरला आणि त्याची पोच करारासोबत ठेवली.

ताबा देण्यापूर्वी मी प्रत्येक खोलीचे, नळांचे, स्विचांचे आणि वीजमीटरच्या आकड्याचे फोटो काढून दोघींना पाठवले आणि त्यांच्याकडून ‘मिळाले’ असे उत्तर घेतले. करारात पहिले आठ महिने कोणीही घर सोडणार नाही, त्यानंतर दोन्ही बाजूंनी एक महिन्याची पूर्वसूचना, आणि पाचशे रुपयांच्या आतली दुरुस्ती भाडेकरूची, त्यावरची मालकाची, अशी कलमे घातली. ही शेवटची अट फार उपयोगी पडली. वर्षभरात वॉशर आणि बल्ब यांसाठी मला एकही फोन आला नाही, आणि गीझर बिघडला तेव्हा आला तो मीच उचलायचा होता.

दुसऱ्या वर्षात सांगलीची मुलगी लग्न ठरल्याने जाणार आहे आणि तिच्या जागी तिची सहकारी येणार आहे. करारात नाव बदलते म्हणजे नवा करार, नवी नोंदणी आणि सोसायटीला नवे पत्र. भाडे तेच 22,050 ठेवले आहे, कारण दुसऱ्या भाडेकरूच्या शोधात घर महिनाभर रिकामे राहिले, तर तो तोटा महिना हजार रुपये वाढवून मिळालेल्या भाड्यातून भरून यायला पावणेदोन वर्षांहून अधिक काळ लागेल. पत्राचा मसुदा तयार आहे. या वेळी सचिवांनी तो आधी व्हॉट्सअॅपवर पाठवायला सांगितला आहे.